पोझोर म्हणजे पोझोर

१९९९ साली मी सत्तावन्न वर्षांचा होतो आणि भर मे महिन्यात माझ्या पलंगावर रशियातला बर्फ गळत होता.

वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारा चळला. चळलेलो नाही. माझं शिक्षण चौथी, पण चौथी पूर्ण, आणि जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहितोय. शुद्धलेखन तपासायला कुणाकडं देणार नाही. चुकलं असेल तर ते माझं चुकलेलं आहे, तसंच राहील.

बर्फाचं सांगायचं तर आधी पाटीचं सांगावं लागतं.

हडपसरच्या एका कारखान्यात मी प्रेसवर होतो. प्रेस म्हणजे छापखाना नव्हे. घराएवढं उंच लोखंडी धूड. खाली सपाट पत्रा सरकवायचा, वरून घण यायचा, आणि पत्र्याचा मोटारीचा दरवाजा होऊन बाहेर पडायचा. मध्ये हात राहिला तर हाताचंही काहीतरी होऊन बाहेर पडायचं. हे मशीन झेकोस्लोव्हाकिया नावाच्या देशातून आलं होतं. तो देश पुढं मोडला, मशीन चालूच होतं.

मशीनच्या छातीवर लाल एनॅमलची पाटी होती, तिच्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. ज्याला ती वाचता येत होती त्यानं वाचलं, पोझोर. खाली बारीक ओळी होत्या, त्या आम्ही लागायच्या आधीच पुसून गेलेल्या. फोरमन म्हणाले, कंपनीचं नाव असेल. एक जण म्हणाला, मशीन बनवणाऱ्या साहेबाचं असेल. आम्ही काही फार विचार केला नाही.

मग एका वर्षी खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा असते तेव्हा, सगळ्या मशीनना हार पडले आणि हे एक राहिलं. त्याच आठवड्यात माझ्या जोडीदाराचं बोट गेलं. मग आम्हाला कळलं. पुढच्या वर्षीपासून पहिला हार त्या पाटीला, पहिला नारळ त्या पाटीपुढं. नाव पडलं पोझोरबाबा. आणि नियम झाला की पत्रा आत सरकवला की बाबाला दोन्ही हात जोडायचे, आणि मगच पायानं पेडल दाबायचं. हात जोडलेले असले की ते मशीनखाली नसतात. बोटं जायची थांबली. ह्याला कुणी अंधश्रद्धा म्हणावं, माझी ना नाही. फक्त म्हणायच्या आधी माझी बोटं मोजून घ्यावीत.

पुढं देशाचे दरवाजे उघडले असं पेपरात आलं. ते उघडले आणि आमचं गेट बंद झालं. आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची. कारखान्याच्या जागेवर आता काचेची इमारत आहे. पोरं-पोरी गळ्यात पट्टे घालून आत जातात. काच असूनही आत काय बनतं ते दिसत नाही. भंगारवाल्यानं मशीनला गॅस कटर लावला त्याच्या आधी मी चार स्क्रू सोडवून पाटी काढून आणली. कुणाला विचारलं नाही. बाबाला भंगारात कोण घालतं?

पाटी मी घराच्या दारावर लावली. नावाची पाटी मी कधीच लावली नव्हती. ज्याला माझं नाव माहीत आहे त्याला घरही माहीत आहे.

आमच्या वरचा फ्लॅट बरेच दिवस रिकामा होता. तिथं एक सर राहायला आले. एकटेच. सामानात एक कॉट, एक टेबल, आणि बाकी सगळी पुस्तकं. हमाल जिन्यात बसून म्हणाला, "काका, ह्यापेक्षा फरशा परवडल्या." सर त्याच्या मागून चढत आले. पांढरा शर्ट, गळ्यात चष्मा अडकवलेला, चेहऱ्यावर पुण्याच्या पेठेतला शिष्टपणा. माझ्या दाराशी थांबले, चष्मा लावला, पाटी वाचली, आणि मोठ्यानं हसले.

मी दारातच होतो.

"हे आपलं घर?"

"माझंच. का?"

"नाही, दारावर आपण 'लाज' असं लिहिलं आहे म्हणून विचारलं."

"काय लिहिलंय?"

"पोझोर. रशियन भाषेत लाज. बेअब्रू. नामुष्की म्हणा हवं तर."

आतून बायकोचा भांडी घासायचा आवाज थांबला. मी म्हटलं, "रशियाशी तुमचा काय संबंध?"

"मी तिकडचं साहित्य शिकवतो."

"मग तिकडच्या दारांवर वाचा."

दुपारी बेल वाजली. पुन्हा सर. हातात उशीएवढा शब्दकोश. म्हणाले, "माफ करा. माझी घाई झाली. ही पाटी रशियन नाही, झेक आहे. झेकमध्ये पोझोर म्हणजे सावधान."

"सकाळी लाज, दुपारी सावधान. संध्याकाळपर्यंत 'या, बसा' व्हायचं."

"तसं नव्हे. या भाषा एकाच घरातल्या. रशियन, पोलिश, झेक, बल्गेरियन, या सगळ्यांना मिळून स्लाव म्हणतात. भावंडंच. पण एकच शब्द एक भाऊ एका अर्थानं वापरतो, दुसरा दुसऱ्या."

"म्हणजे भाऊबंदकी."

"अगदी बरोबर," सर म्हणाले, आणि खूश झाले. मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, "सर, ते नाव आहे. आमच्या बाबाचं. नावाला अर्थ विचारत नसतात. पोझोर म्हणजे पोझोर." आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर आमचं बोलणं बंद. जिन्यात समोरासमोर आलो की ते चष्मा पुसायचे आणि मी खोकायचो. वरून मात्र आवाज यायचे. सर इकडून तिकडं फेऱ्या मारत मोठमोठ्यानं परक्या भाषेत बोलायचे, मग थांबून मराठीत, मग पुन्हा परक्या भाषेत. बायको म्हणायची, "अहो, वर भांडणं चाललीत." मी म्हणायचो, "एकटाच माणूस हाय." ती म्हणायची, "तरीबी. दुसरा हळू बोलत आसंल."

आणि मग मे महिना आला. नळाला दिवसाआड पाणी, आणि माझ्या पलंगावर छतातून टप टप. मी बादली लावली आणि वर गेलो. दार उघडंच होतं. आत जे दिसलं ते असं. बाहेर अंड्याचं आमलेट व्हावं असं ऊन, आणि सर अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, टेबलाशी लिहीत बसलेले. पाय एका पत्र्याच्या टबात. टबात बर्फाच्या लादीचे तुकडे. टबाचं बूड गंजलेलं.

"सर, हे काय?"

"या, या. हिमवादळ चाललं आहे."

"ते माझ्या पलंगावर चाललंय."

सरांनी खाली बघितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण कानटोपी काढली. मग सांगितलं की एका जुन्या लेखकाची जाडजूड कादंबरी ते कित्येक वर्षं मराठीत करतायत. आता हिवाळ्याचा भाग आलाय. पुण्यात मे महिन्यात बसून बर्फ लिहिला की तो खोटा होतो, मराठीत घाम येतो त्याला. म्हणून टब.

"हिवाळा किती राहिलाय?"

"सांगता येत नाही. नायक अजून बर्फात गाडीतच अडकलाय. घोडे पुढं जात नाहीत."

"त्याला म्हणावं, उतर आणि चालत जा."

"तो उतरला तर मरेल."

"आणि नाही उतरला तर माझा स्लॅब मरंल."

मी खाली येऊन हे सगळं बायकोला सांगितलं. मला वाटलं ती सरांना शिव्या घालील. ती म्हणाली, "कुठं चाललाय तो एवढ्या थंडीचा?" मी म्हटलं, "कोण?" म्हणाली, "गाडीतला." दुसऱ्या दिवशी स्वतःच वर गेली आणि विचारून आली. आईला भेटायला चालला होता. मग काय, आमच्या घरात रोज एकच विषय. पलंग भिंतीला सरकवला, बादली तिथंच ठेवली, आणि टप टप ऐकू आलं की ती वर बघून म्हणायची, "पोचला नाय अजून." सकाळी भाकरी-पिठलं झाकून वर नेऊन द्यायची आणि जिन्यातूनच ओरडून विचारायची, "सर, पोचला का?" सर वरून म्हणायचे, "नाही हो वहिनी. वाट चुकलाय."

जूनमध्ये सरांनी टब बदलला. माझ्याशी बोलणं मात्र तरीही बंदच.

ऑगस्टच्या सुमारास एकदा सर स्वतः खाली आले. बसा म्हटलं नाही तरी बसले. आधी पाणी मागितलं, मग पाणी प्यायले नाहीत.

"आपल्याकडे एक काम होतं."

"बोला."

काम असं होतं. शहरात एका संस्थेत सर स्लाव साहित्याचा वर्ग घ्यायचे. पूर्वी रशियाची स्वस्त पुस्तकं गाड्या भरभरून यायची, तेव्हा ह्या वर्गाला उभं राहायला जागा नसायची. तो देशही मोडला, पुस्तकं यायची थांबली, पोरं जर्मन आणि जपानीकडं गेली, कारण तिथं कंपन्या. उरलेली संगणकाकडं गेली. आता संस्थेला सरांची खोली संगणकासाठी पाहिजे होती. नवरात्राच्या आधी समिती येऊन बघणार, वर्ग चालतो की नुसता पंखा चालतो. बाकं रिकामी दिसली तर वर्ग बंद.

"मग मी काय करू?"

"आपण वर्गाला येऊन बसाल का?"

मी बायकोकडं बघितलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती. मी म्हटलं, "सर, मी चौथी शिकलेला माणूस."

"प्रवेशाला अट नाही. पूर्वी होती. आता ठेवून काय करायचं?"

"येतो. पण माझी एक अट. पोझोर हे देवाचं नाव आहे, असं तुम्ही वर्गात फळ्यावर लिहायचं."

सर उठले. एवढा गरजू माणूस, पण उठला. म्हणाले, "ते मला लिहिता येणार नाही."

"वर्ग बंद होईल."

"होईल. पण शब्दाचा अर्थ काय आहे तोच राहील. वर्ग वाचावा म्हणून उद्या मी पाण्याला दूध म्हणायला लागलो तर शिकवायचं काय?" आणि गेले.

बायको माझ्यावर उखडली. "अहो, माणूस दारात येऊन मागतोय आन् तुम्ही अट घालताय?"

"त्यानं माझ्या दारावर लाज वाचली."

"वाचली तर वाचली. तुमच्या दारावर दुसरं कुणी काय वाचलंय आजवर? आन् वर्ग बंद पडला, सर वरची जागा सोडून गेले, म्हंजी? तो गाडीतला तसाच बर्फात ऱ्हायचा का?"

मी गेलो. अट मागं घेतली नाही. अट तशीच ठेवून वर्गाला गेलो.

वर्गात माझ्याशिवाय एक मुलगी होती. तिला रशियात डॉक्टरकी शिकायला जायचं होतं, म्हणून 'कुठं दुखतंय' एवढंच यायला पाहिजे होतं. एक निवृत्त कारकून होते, त्यांना त्यांच्या डॉक्टरनं मेंदूला व्यायाम सांगितला होता. आणि संस्थेचा वॉचमन होता, त्याला सरांनी दिवसा झोपायला बाक दिलं होतं. बाकं भरायला अजून दोघं-तिघं अधूनमधून उगवायचे, पावसाचा जोर बघून.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर अक्षरं काढली. इंग्रजी पी सारखं एक अक्षर काढलं आणि म्हणाले, "हा र."

मी हात वर केला. "हा पी आहे."

"इंग्रजीत. रशियनमध्ये र."

"सर, हा पी मी कारखान्यात बारा महिने घोकून शिकलोय. तो पीच राहील."

"मग हे अक्षर?" सरांनी इंग्रजी बी काढला.

"बी."

"हा व. आणि हा एच नाही, न आहे. आणि हा सी नाही, स."

"म्हणजे नेमकी कुणाचीच ओळख खरी नाही?"

"साहित्याची सुरुवात तिथूनच होते," सर म्हणाले. कारकुनांनी ते लिहून घेतलं. मी पी पीच ठेवला. त्यामुळं पुढं वर्गात मी जे वाचलं त्याचा सगळा आवाज वेगळा झाला, पण सरांनी कधी थांबवलं नाही. एवढंच म्हणायचे, "आपली बोली स्वतंत्र आहे."

एक गोष्ट मात्र मला पटली. तिकडं माणसाला नाव, बापाचं नाव आणि आडनाव, असं आपल्यासारखंच असतं. आणि घरात हाक मारायला निराळंच. वर्गातली मुलगी वैतागून म्हणायची, एकाच माणसाला इतकी नावं कशाला? मी तिला म्हटलं, "बाई, मला कारखान्यात हजेरीच्या तिकीट नंबरनं बोलवायचे, गावात बापाच्या नावानं, आणि बायको 'अहो' म्हणते. तू सगळ्यांना ओळखशील का?" सर हसले. ह्या वेळचं हसणं मला लागलं नाही.

एकदा वर्ग सुटल्यावर बसथांब्यावर सर म्हणाले, "पोझोर मुळात 'बघणं' यावरून आलाय. झेक भाऊ म्हणाला बघ, जपून. रशियन भाऊ म्हणाला बघा, काय अब्रू गेली. आपल्याकडेही आई मुलाला म्हणते 'बघ हं', ते सावधान. आणि शेजारीण म्हणते 'बघा बघा', ती लाज."

मी विचार केला. मग म्हटलं, "आणि देवळात जाऊन आपण काय करतो? देव बघतो. म्हणजे माझंबी बसतंय त्यात."

हडपसरची गाडी आली. चढताना म्हणाले, "ओढून ताणून आहे." पण तोंडावर वेगळंच होतं.

समिती आली त्या दिवशी वॉचमनला दाढी करून बसवलं होतं. समितीच्या अध्यक्ष एक बाई, इस्त्रीची साडी, बोलणं गोड. त्यांच्याबरोबर एक टायवाला, संगणकाचा. तो आल्याआल्या खिशातून टेप काढून खोली मोजायला लागला. सर फळ्याशी शिकवतायत आणि हा भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप ओढतोय. माझ्या बाकाशी येऊन म्हणाला, "काका, पाय जरा वर." मी पाय वर केले. टेप खालून गेली. पुढं वॉचमनला म्हणाला, "पाय." वॉचमन झोपेतच होता, पण पाय वर केले.

बाईंनी विचारलं, "तुम्ही इथं का शिकता?"

मुलगी म्हणाली, "मला तिकडं पेशंट बघायचेत." "मग काय काय येतं?" "कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, आणि वसंत ऋतूवरची एक कविता." कारकून म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय." बाईंनी मान हलवली, जशी आजाऱ्याला बघून हलवतात.

मग माझी पाळी. मी उभा राहिलो. त्या दिवशी मी दाराची पाटी सोडवून पिशवीतून बरोबर आणली होती. कशासाठी, ते मलाही नीट माहीत नव्हतं. सर फळ्यावर लिहिणार नाहीत तर मी दाखवीन, असं काहीतरी होतं. बाकावर पाटी ठेवली आणि सगळं सांगितलं. मशीन, हार, जोडीदाराचं बोट, जोडलेले हात, पोझोरबाबा.

टायवाला हसला. मी त्याला विचारलं, "तुमच्या संगणकाला खंडेनवमीला हार घालता का नाही?"

"घालतो, पण ते निराळं."

"नारळ?"

"टेबलावर नाही फोडत. पाणी जातं आत."

"मग निराळं एवढंच, की तुमचा बाबा पाण्याला घाबरतो."

बाईंचं मात्र भलतंच झालं. त्या पाटी हातात घेऊन बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, हे काय साधं आहे? स्लाव देव, आणि हडपसरला त्याची पूजा! हा तर सांस्कृतिक बंध आहे. यावर परिसंवाद घेता येईल. वकिलातीतून पाहुणे बोलावता येतील. सर, हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत? मग ही खोली द्यायचा प्रश्नच नाही. उलट तुमचा वर्ग वाढवू."

टायवाल्यानं टेप सोडली, ती सळ्ळकन परत गेली.

बाई म्हणाल्या, "फक्त सर, तुम्ही तज्ज्ञ. तुमच्याकडून एकदा पक्कं. पोझोर हा तिकडचा देव आहे ना?"

मी सरांकडं बघितलं. माझी अट पुरी व्हायला आता एक 'हो' पुरे होता. त्यांचा वर्ग राहणार होता, माझा बाबा राहणार होता, बायकोचा गाडीतला आईकडं पोचणार होता. मी डोळ्यांनी म्हणत होतो, सर, म्हणा. वॉचमनसुद्धा जागा झाला.

सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "नाही. झेकमध्ये सावधान. रशियनमध्ये लाज."

"पण लोक पूजा करतात म्हणजे..."

"लोक पूजा करतात ते खरं आहे. माझ्या विद्यार्थ्यानं सांगितलेला शब्द न् शब्द खरा आहे. पण तिकडं या नावाचा देव नाही. यंत्रापाशी जपून, एवढंच लिहिलंय."

बाईंनी पाटी बाकावर ठेवली. हळूच ठेवली, पण ठेवली. म्हणाल्या, "आम्ही विचार करून कळवू." विचार जिन्यातच झाला असावा, कारण ते खाली पोचायच्या आत शिपाई वर आला आणि म्हणाला, "सर, उद्या पुस्तकं हलवायला सांगितलंय. सुतार येणारेत."

बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसलो. रागच होता माझा. असला माणूस मी दुसरा बघितला नाही. बुडत्याला दोर टाकला तर तो म्हणतो, हा दोर नाही, ही सुतळी आहे, शब्द नीट वापरा. हडपसर यायला लागलं, काचेची इमारत दिसली, तेव्हा मी म्हटलं, "एकदा 'हो' म्हटलं असतं तर काय झालं असतं?"

"उद्यापासून तुम्हाला काय शिकवलं असतं?" सर म्हणाले.

घरी बायकोनं विचारलं, काय झालं? सांगितलं. तिनं आमटीखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाली, "आन् तो गाडीतला?"

"तो सरांच्या घरी हाय. तो कशाला बंद पडतोय?"

"मंग ठीक," ती म्हणाली, आणि वर न्यायला डब्यात आमटी भरली. दाराकडं बघून म्हणाली, "पाटी लावा परत. दार बोडकं दिसतंय."

पाटी मी त्या संध्याकाळी लावली नाही. फडक्यानं पुसली. कडेला प्रेसच्या तेलाचा जुना डाग होता, तो राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी, स्क्रू आणि माझा जुना पेचकस पिशवीत टाकून पहिल्या गाडीनं संस्थेत गेलो. सुतार यायचे होते. खोलीचं दार बंद होतं, वर कागद चिकटवलेला, संगणक कक्ष. मी कागदाच्या बरोबर खाली पाटी धरली आणि लावायला लागलो. शिपाई म्हणाला, "काका, परवानगी?" मी म्हटलं, "मशीन येणारेत ना आत? मग मशीनला पाटी लागते."

तेवढ्यात सर शिपायानं बाहेर काढून ठेवलेली पुस्तकं न्यायला आले, एक गठ्ठा काखेत मारला. बघत उभे राहिले. मग पुढं होऊन स्क्रू हातात धरले आणि एकेक द्यायला लागले.

"डावीकडून जरा खाली," म्हणाले.

"लेव्हल मला शिकवू नका, सर."

दोन स्क्रू बसले. सरांनी तिसरा दिला नाही. हातातच धरून विचारलं, "ही पाटी आपण कोणत्या भाषेत लावताय?"

"खालचे दोन झेकमध्ये लावलेत," मी म्हटलं. "वरचे दोन रशियनमध्ये लावतो. द्या."

त्यांनी स्क्रू दिला. मी चारही घट्ट आवळले, पेचकस पिशवीत टाकला, आणि सवयीनं दोन्ही हात जोडले. सरांच्या काखेत अजून पुस्तकांचा गठ्ठा होता. तो त्यांनी आधी शिपायाकडं दिला.